वाढू का?

आमच्या बाणेरात बायपास म्हणजे रस्ता. कात्रजकडून येतो, गावाच्या उरावरून जातो आणि देहूरोडला निघून जातो. त्यामुळे माझ्या लेकीनं, ऋतुजानं, एका दुपारी ऑफिसातून फोन करून सांगितलं, "आई, बाबांचं बायपास करायचं ठरवतेय मी," तेव्हा मी म्हटलं, "बायपासनं कशाला? चांदणी चौकात ही गर्दी असती. गावातनं जा की."

मग ती म्हणाली, "आई, पोटाचं बायपास."

काळजाचं बायपास मला माहीत होतं. यांचे चुलतभाऊ रंगराव, त्यांचं झालं होतं. सहा महिने शर्टाची वरची दोन बटणं उघडी टाकून ते सगळ्या गावाला टाके दाखवत फिरले. पण पोटाला वळसा घालून अन्न जाणार कुठं? मी फोन ठेवला आणि पोळपाटावर पिठाचा एक रस्ता काढला, मग त्याला एक वळसा काढला, आणि पुसून टाकला.

आमचे हे म्हणजे मच्छिंद्र. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण उखाणे सोडले तर यांचं नाव घेण्याची वेळ आत्ता हे लिहितानाच आली. तेव्हा यांचं वजन होतं एकशे बत्तीस किलो. साखर चढलेली, उजव्या पायाच्या दोन बोटांना चिमटा काढला तरी कळत नसे. तुकाईची टेकडी हे एकेकाळी कडेवर लेक घेऊन चढायचे. आता अंगणातून दारापर्यंत आले की खांबाला धरून उभे राहत. टाचेला एक जखम झाली होती ती तीन महिने भरत नव्हती. डॉक्टर ऋतुजाला म्हणाले होते की असंच चाललं तर आधी पाय जाईल आणि मग माणूस. ती घाबरली होती. मीही घाबरले होते, पण मी घाबरले की स्वयंपाक करते.

लग्न झालं तेव्हा हे नुसती काठी होते. सकाळी वावरात उतरायचे ते ऊन डोक्यावर येईपर्यंत दारं धरायचे. दारं धरायचं म्हणजे विहिरीचं पाणी पाटानं आणून एका सरीत सोडायचं, ती भिजली की खोऱ्यानं माती ओढून तिचं तोंड बुजवायचं आणि पुढच्या सरीचं उघडायचं. घरी येऊन चार भाकरी खायचे आणि संध्याकाळपर्यंत त्या कुठं गेल्या ते कळायचं नाही. मग रस्ता आला. विहीर रस्त्याखाली गेली. पाणीच नाही तर वावर काय करायचं, म्हणून तेही बिल्डरला दिलं. त्यावर काचेची इमारत झाली आणि माझी लेक तिथंच चौथ्या मजल्यावर कम्प्युटरवर काम करते, बरोबर जिथं आमची वांगी असायची त्याच्या वर. जमीन गेली, काम गेलं, भूक मात्र घरीच राहिली. चार भाकरी खाणारा माणूस चारच खात राहिला, आणि आता त्या कुठं जातात ते सगळ्यांना दिसायला लागलं.

आणि मी वाढत राहिले. शब्दच बघा कसा आहे. ताटात घालायचं तेही वाढणं आणि अंगानं मोठं व्हायचं तेही वाढणं. बांगडी फुटली तर वाढवली म्हणायचं, दुकान बंद केलं तरी वाढवलं म्हणायचं. मी वाढत गेले, हे वाढत गेले, आणि शेवटी कशाचा नारळ वाढवणार होतो देव जाणे.

खरं सांगायचं तर आमच्या दोघांत बोलणं असं कधी फारसं नव्हतंच. "वाढू का?" मी विचारायचं. "वाढ," यांनी म्हणायचं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. भांडण झालं तरी "वाढू का?" तुटायचं नाही, फक्त आवाज चढायचा. सव्वीस वर्षांत यांच्या तोंडून "बास" हा शब्द मी ऐकला नव्हता. भूक नसली तरी खायचे. मला वाटायचं, अन्नाला नाही म्हणत नाहीत म्हणजे मला नाही म्हणत नाहीत. आता ऑपरेशन झाल्यावर यांचं पोट लिंबाएवढं होणार, असं ऋतुजा म्हणत होती. लिंबात किती वाढायचं? आणि वाढायचं नाही, तर मग मी या माणसाशी बोलायचं तरी काय? पाय जाईल ही भीती होतीच. पण दुपारी एकटी बसले की ही दुसरी भीती पहिलीच्या पुढे येऊन बसायची, आणि मला तिची लाज वाटायची.

दवाखाना सदाशिव पेठेत होता. रिक्षात मागची जागा यांनी घेतली, मी उरलेल्यावर टेकले, ऋतुजा स्कूटीवर पुढे. दुसरा मजला. जिन्याच्या तोंडाशी पाटी होती, "लिफ्ट नाही. हीच पहिली तपासणी." हे चार ठिकाणी थांबले. वर दारावर दुसरी पाटी, "एकच प्रश्न दोनदा विचारू नये. उत्तर तेच आहे." डॉक्टरीणबाईंचं नाव भाग्यश्री, आडनाव होतं, पण त्याच्यावर कुणीतरी क्लासची जाहिरात चिकटवली होती. बाई बारीक, करड्या केसांच्या, बोलणं कात्रीनं कापल्यासारखं.

"बसा," त्या म्हणाल्या. "ती नाही, पलीकडची खुर्ची. ही पाहुण्यांची आहे."

हे दणकट खुर्चीत बसले. बाईंनी कोरा कागद घेतला आणि पेनानं एक पखाल काढली. तिला वर एक नळी, खाली गुंडाळलेली लांब नळी.

"हे तुमचं पोट, हे आतडं. आता तीन प्रकार सांगते. पहिला. पोट उभं कापायचं, मोठा भाग काढून टाकायचा, केळ्याएवढी नळी ठेवायची. आतड्याला हात लावायचा नाही. याला लोक बायपास म्हणतात, पण हा बायपास नव्हे. इथं काही वळवलेलं नाही, फक्त लहान केलंय."

मग त्यांनी दुसरं चित्र काढलं. "हा मिनी बायपास. पोटाची एक लांब पिशवी वेगळी करायची. खालचं आतडं वाकवून वर आणायचं आणि तिला जोडायचं. सांधा एकच. सोपा आहे, पण खालचा पित्तरस कधीकधी पिशवीत चढतो."

"आणि तिसरा?" ऋतुजानं विचारलं.

तिसऱ्याला बाईंनी नवीन कागद घेतला. वर एक लहानशी पिशवी. आतडं एका जागी कापून त्याचं खालचं टोक वर आणून पिशवीला जोडलं. वरचं टोक, ज्यातून जुन्या पोटाचा रस येतो, ते बरंच खाली नेऊन पुन्हा आतड्याला जोडलं. दोन सांधे. खाली दोन नळ्यांची बेचकी झाली आणि तिथून एकच नळी पुढे गेली. "याला इंग्रजी वायचा आकार म्हणतात," बाई म्हणाल्या.

यांनी इतका वेळ खाली घातलेली मान वर केली. खुर्ची पुढे ओढली. कागदावर जाड बोट ठेवलं.

"म्हंजी हितनं पाणी वळवायचं," हे म्हणाले. "ह्यो मोठा वाफा बाजूला पडला. त्येला पाणी न्हाय. नवा पाट हितनं खाली. आन जुना पाट लांबनं येऊन हितं मिळतुय."

बाईंनी चष्मा काढून यांच्याकडे नीट पाहिलं. "इंजिनिअर येतात माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "त्यांना तीनदा सांगावं लागतं."

हे लाजले. मी यांना लाजताना लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं.

"तर," बाई म्हणाल्या, "यातला कुठला करायचा ते तुमच्या पोटावर आहे, तुमच्या आवडीवर नाही. पहिलाही चालेल, वेळ कमी लागतो. फक्त आंबट वर येत असेल तर तो नको, आणखी वाढतं. छातीत जळजळ होते?"

"न्हाय," हे म्हणाले.

"झोपल्यावर?"

"काय न्हाय." यांना लवकर सुटका हवी होती, एवढंच. पहिला सोपा, पहिला करून टाका.

मी मघापासून भिंतीला टेकून उभी होते. पाहुण्यांच्या खुर्चीत बसायला मी काही पाहुणी नव्हते. "होती की जळजळ," मी म्हटलं. "दोन उश्या आन वर घडी केलेली गोधडी घेतल्याबिगर झोपत नाहीत. देवाच्या फोटूमागं सोड्याची बाटली हाय. रोज चमचाभर घेत्यात, पाठ करून."

हे माझ्याकडे वळले. "तुला काय ठाव बाटलीचं?"

"भरतं कोण ती?" मी म्हटलं.

नऊ वर्षं ती बाटली रिकामी झाली नव्हती. यांना वाटत असावं की देवाच्या मागं ठेवली म्हणून. ऋतुजा हसायला लागली आणि मग तिचे डोळे भरले.

"दुर्बिणीत दिसलंच असतं," बाई म्हणाल्या आणि पहिल्या दोन चित्रांवर आडवी रेघ मारली. "पण दुर्बीण असं उभं राहून सांगत नाही. तिसरा. वाय."

मला एक विचारायचं होतं. पाटी आठवली, पण हा प्रश्न पहिल्यांदाच होता. "ते जुनं पोट काढून नाही टाकणार?"

"नाही. आतच राहील."

"मग त्याला भूक लागली तर?"

बाईंनी पेन पुन्हा उचललं. "त्याच्यापर्यंत अन्न जाणारच नाही," त्या म्हणाल्या. "पण ते रस तयार करत राहतं. जन्मभर. आणि खाली पाठवत राहतं."

"कशापायी?"

बाईंनी बेचकीवर पेन ठेवलं. "इथं अन्न भेटतं त्याला," त्या म्हणाल्या, आणि लगेच पुढच्या पेशंटला हाक मारली.

ऑपरेशनच्या आधी पंधरा दिवस पातळ खायचं होतं. ताक, गाळलेली डाळ, डब्यातली कसलीशी पूड पाण्यात घालून. घरात भाकरी थापण्याचा आवाज बंद झाला. एवढी सकाळ मोकळी, तिचं काय करायचं ते मला कळेना. मी डबे पुसले, मग पुन्हा पुसले. माझं जेवण मी ओट्याशी उभी राहून, यांच्याकडे पाठ करून उरकायची. तसं ते नेहमीच मागं उरलेलं आणि उभ्यानंच असायचं, पण पूर्वी ते चोरून खाल्ल्यासारखं वाटत नसे.

त्या दिवसांत आम्ही दोघंही जरा तरंगतच होतो. हे भुकेनं, मी कशानं ते मला माहीत नाही. तिसरं चित्र ऋतुजानं फ्रिजवर लावलं होतं. दुपारी पंखा सुरू करून मी आडवी झाले की डोळे मिटायच्या आधी तेच दिसायचं, आणि मिटल्यावर ते उघडायचं. मी त्यात अनवाणी उतरायची. पाटाचं पाणी घोट्यापर्यंत, कोमट. वर कुठंतरी बायपासवरचे ट्रक घुमत जायचे, पण लांब, छतावर कुणी जातं ओढल्यासारखे. चालत चालत मी मोठ्या पोटात यायची. ते आमच्या गावच्या सप्त्याच्या मांडवाएवढं होतं. सारवलेलं, स्वच्छ, पंगतीच्या पंगती पत्रावळी मांडलेल्या आणि एकही माणूस नाही. कोपऱ्यात एक बाई पाठमोरी बसलेली. चूल पेटलेली. तवा तापलेला.

"बाई, इकडं आता कोण येणार न्हाय," मी तिला सांगायची. "रस्ता वळवला."

"ठाव हाय," ती म्हणायची, मागं न वळता. "पर चूल इझव म्हणून मला कुणी सांगितलं न्हाय."

मला तिचं तोंड बघायचं असायचं. पण दर वेळी त्याआधीच जाग यायची.

त्याच आठवड्यात ऋतुजाचा ऑफिसातून पुन्हा फोन आला. आवाज बारीक. "आई, बाबा घरी आहेत का?" मी खुर्ची पाहिली. नव्हते. "मग तेच आहेत," ती म्हणाली. "इथं खाली लॉनवर. मी वरून बघतेय."

झालं होतं असं. काचेच्या इमारतीपुढं जे हिरवळ म्हणून वाढवलंय त्याचा एक पाईप फुटला होता. पाणी एका बाजूला साचून चिखल, दुसरी बाजू वाळलेली. हे कसे तिथवर चालत गेले कोण जाणे. चपला काढून ठेवल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पायानंच माती ओढून पाण्याचं एक तोंड बुजवलं, दुसरं उघडलं. पाणी निमूट वाळलेल्या बाजूला निघालं. वॉचमन धावत आला. यांनी त्याला ओठावर बोट ठेवून गप्प केलं, म्हणे, आणि तो वेडा खरोखरच गप्प उभा राहिला. काचेतून पोरंपोरी बघत होती. ऋतुजाच्या शेजारच्या मुलानं विचारलं, "हा माणूस कोण आहे?" आणि तिनं सांगितलं, "माझे बाबा. ही त्यांचीच जागा आहे."

हे चिखलाच्या पायांनी परत आले. टाचेच्या जखमेत माती. मी यांना खूप बोलले. पाय कापायची पाळी आलीय आणि चिखलात काय नाचता, अक्कल गहाण ठेवली का, सगळं बोलले. कोमट पाण्यानं टाच धुतली. हे माझ्या डोक्याकडे बघत म्हणाले, "मैना, पाणी गेलं बरं का वर. चढ हाय तिथं, तरी गेलं." मला रडू आलं आणि मी टाच जरा जास्तच जोरात पुसली.

ऑपरेशनच्या दिवशी यांना सकाळी आत नेलं. जाताना यांनी मला काहीतरी म्हणावं असं वाटत होतं. हे म्हणाले, "तू खाऊन घे." मी बाकावर बसून राहिले. ऋतुजा फोनवर काहीतरी वाचत होती, पण बोट हलत नव्हतं. मला कधी डुलकी लागली कळलं नाही. पुन्हा तेच पाणी, तोच मांडव. या वेळी मी त्या बाईकडे गेले नाही. तिच्या चुलीमागून एक बारीक पाट निघत होता त्याच्या कडेनं खाली उतरत गेले. खूप लांब. दोन्हीकडे वांगी. शेवटी बेचकी आली, आणि तिथं हे उभे होते, काठीएवढे बारीक, वीस-बावीसचे, हातात खोरं.

"कुठलं पाणी आणलंस?" यांनी विचारलं.

"मागलं," मी म्हटलं. "जुनं."

"यिऊ दे," हे म्हणाले आणि खोऱ्यानं माती बाजूला केली.

"उठा," कुणीतरी म्हणालं. डॉक्टरीणबाई हिरव्या कपड्यात माझ्यापुढं उभ्या होत्या. "झालं. दोन्ही सांधे चांगले आहेत. तुमच्या भाषेत, पाणी वळवलं." मी त्यांचे पाय धरायला वाकले तर म्हणाल्या, "मला नको, त्यांना चालवा. संध्याकाळपासून."

साखर दोन आठवड्यांत उतरली. टाचेची जखम कडेनं गुलाबी झाली. हे सगळं बाईंनी सांगितलं तसं झालं. आणि मला जे वाटत होतं तेही झालं. घर गप्प झालं. आधी नुसतं पाणी चमच्यानं, मग सूप, मग वाटून पातळ केलेलं. ऋतुजानं यांच्या फोनमध्ये घंटा लावून दिली होती. ती वाजली की हे खायचे, माझ्या हाकेवर नाही. "वाढू का?" घशापर्यंत यायचं आणि माघारी जायचं. आम्ही एकमेकांना दिवसभरात काय बोलायचो ते मोजायला एका हाताची बोटं पुरली असती.

सहाव्या आठवड्यात मऊ खिचडी चालेल, असं बाई म्हणाल्या. मी मुगाची खिचडी केली, गुरगुटी. अर्धी वाटी यांच्यापुढं ठेवली. यांनी चार चमचे खाल्ले, चमचा खाली ठेवला. वाटीच्या तळाशी थोडी उरली होती. माझा हात माझा राहिला नाही. मी पळीभर खिचडी आणली आणि विचारलं, "वाढू का? एवढीशीच."

यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "वाढ," हे म्हणाले.

आणि खाल्ली. पाच मिनिटांत हे घामानं भिजले, छाती धरून मोरीत गेले आणि कितीतरी वेळ बाहेर आले नाहीत. ऋतुजानं डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि माझ्या कानाशी धरला. "आग्रह वऱ्हाडाला करायचा," बाई म्हणाल्या. "तुमच्या नवऱ्याला नाही म्हणता येत नाही, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

माहीत होतं. सव्वीस वर्षं माहीत होतं, आणि तेच मी माझं सुख समजत होते. त्या दिवशी मला माझ्या हातांचीच भीती वाटली. दुसऱ्या दिवसापासून मी वाटी मांडून ठेवायची आणि गच्चीवर निघून जायची. वरून बायपास दिसतो. गाड्या गावाकडे न बघता जात असतात.

असे नऊ-दहा दिवस गेले. एका दुपारी मी वाटी ठेवून जिन्याकडे वळले तर हे म्हणाले, "बस की."

"कपडे वाळत घालायच्यात."

"बस, मैना."

मी बसले. जेवणाच्या वेळी यांच्यासमोर बसायची मला सवय नव्हती. मी उभी असायची, किंवा वाकलेली. यांनी एक चमचा तोंडात घातला आणि चावत राहिले. खूप वेळ. मग घड्याळाकडे पाहिलं. दोन मिनिटं थांबायचं असतं. त्या दोन मिनिटांत हे बोलायला लागले. विहिरीत उतरताना सातव्या पायरीवर एक पाकोळी घरटं करायची, तिच्याबद्दल. दुसरा चमचा. मग ऑपरेशनच्या झोपेत पडलेल्या स्वप्नाबद्दल. त्यात म्हणे पाणी नुसतं येतच होतं, आणि कुठून येतंय ते दिसत नव्हतं. मी माझं स्वप्न सांगितलं. चुलीपुढच्या बाईचंही. तिसरा चमचा. यांनी विचारलं, "तोंड दिसलं का तिचं?" मी म्हटलं, नाही. यांनी पुढचा चमचा भरला. अर्धी वाटी संपायला अर्धा तास लागला, आणि एवढा वेळ आम्ही लग्नाच्या दिवशीही बोललो नव्हतो.

मग मी उठायच्या आत यांनी चमचा ठेवला, वाटी पुढे सरकवली आणि म्हणाले, "बास."

मी तो शब्द ऐकला. मला वाटलं होतं तो लागेल. लागला नाही.

"तू जेवलीस का?" यांनी विचारलं.

"जेवीन की मागनं."

हे उठले. भिंतीचा आधार न घेता उठले, ओट्याशी गेले, मांडणीवरून ताट काढलं आणि माझ्यापुढं ठेवलं. पातेली कुठली कशाची ते यांना माहीत नव्हतं, झाकणं उघडून उघडून बघितली. एक भाकरी घातली. मीठ घातलं, उजव्या बाजूला, चुकीच्या. भात घातला. मग आमटीचं पातेलं काखेत धरल्यासारखं धरून, पळी घेऊन माझ्याशेजारी वाकून उभे राहिले.

"वाढू का?" हे म्हणाले.

हे मला जन्मात कुणी विचारलं नव्हतं. माहेरी विचारलं असेल तर आठवत नाही. मी मान हलवली. यांनी एक पळी वाढली. मी काही बोलले नाही, म्हणून दुसरी. मग तिसरी. पळी बरोबर जागेवर रिकामी होत होती. आमटी भातावरून उतरली, भाकरीच्या कडेनं गेली, मिठाच्या ढिगाला वळसा घालून ताटाच्या काठाशी येऊन थांबली.

"मैना," हे म्हणाले, पळी तशीच हवेत धरून, "आता बास म्हण की."

मला दिसत होतं की ताटात जागा नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं तेही मी पुसलं नाही.

"वाढा," मी म्हटलं.